काटा मोडण्याआधी

माकणी हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले तेरणाकाठचे गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण इथेच आहे. पाण्याखालच्या रानात ऊस, बाकीच्या शिवारात खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा आणि ज्वारी, असे या भागातले पीकपाणी. सोयाबीन वाढीला लागले की खोडमाशी, चक्रीभुंगा, पाने खाणाऱ्या अळ्या येतात. तुरीला शेंगा धरल्या की घाटेअळी येते आणि तीच पुढे हरभऱ्यावर जाते. मग पाठीवरचे पंप बाहेर निघतात. मराठवाड्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही नावे वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. नावे चार असली तरी कूळ एकच, ऑरगॅनोफॉस्फेट. दवाखान्यात त्याला नुसते ‘ओपी’ म्हणतात.

दुपारपर्यंत चार-पाच पंप मारून झालेले असतात. वारा तोंडावर असतो आणि तोंडाला फक्त उपरणे. पंपाच्या झाकणातून पाठीवर ओघळ आलेला असतो. संध्याकाळी माणूस म्हणतो, “डोकं गरगरायलंय, डोळ्यांपुढं अंधारी यायलीय.” घरच्यांना वाटते, ऊन लागले असेल. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विसाच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा हा धोका राज्यभर चर्चेत आला. तिथे फवारलेली औषधे एकाच कुळातली नव्हती. बरीच मिश्रणे होती, पण त्यांत ओपीही होतेच.

याच कुळात सरीन, सोमन, ताबुन आणि व्हीएक्स हे युद्धातले मज्जाविषारी वायू येतात. हे नाते योगायोगाचे नाही. जर्मनीत लेव्हरकुसेन इथे गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ किडींवर औषध शोधत होता. १९३६च्या डिसेंबरमध्ये त्याच्या हाती ताबुन लागले आणि दोन वर्षांत सरीन. पुढे १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या एका कंपनीत रणजित घोष हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीटकनाशकांवर काम करत होते. त्यांना सापडलेल्या संयुगांच्या मागावरून लष्कर व्हीएक्सपर्यंत पोचले. शेतातले औषध आणि लष्करी विष शरीरात एकाच जागी घाव घालतात. फरक जोराचा आणि वेगाचा.

ती जागा म्हणजे एक विकर, एन्झाइम. विषाने ते बंद पडते, पण लगेच मरत नाही. बंद पडलेले विकर पुन्हा चालू होऊ शकते. कधी आपोआप होते, कधी औषधाने होते आणि कधी कशानेही होत नाही. यांतले काय होणार ते बहुतांशी घड्याळावर ठरते.

पाण्याला लागणारा वेळ

मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. हात हलवायचा असला की त्या फटीत ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि स्नायू आखडतो. पुढच्या हालचालीसाठी स्नायू सैल व्हायला हवा, म्हणजे ते द्रव्य तिथून नाहीसे व्हायला हवे. ते काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करते. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन रेणू तोडतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान विकरांत त्याची गणना होते.

१९९१मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले जोएल ससमन, इस्रायल सिल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉर्पेडो या विजेचा झटका देणाऱ्या माशातून हे विकर काढून त्याची अणूंपर्यंतची रचना उलगडली. कामाची जागा विकराच्या पृष्ठभागावर नव्हती. ती एका अरुंद घळीच्या तळाशी निघाली. ही घळ सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल आहे, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच लाखावा भाग. तळाशी सेरीन नावाचे अमिनो आम्ल आहे. ॲसिटिलकोलीन घळीत उतरते, त्याचा ॲसिटिल हा तुकडा सेरीनला चिकटतो आणि उरलेले कोलीन बाहेर पडते. मग पाण्याचा एक रेणू येतो आणि चिकटलेला तुकडा कापून नेतो. सेरीन मोकळे होते. हे सगळे एका मिलिसेकंदाच्या आत उरकते.

ओपी याच वाटेने आत शिरते. त्यातला फॉस्फरस त्याच सेरीनला चिकटतो. पाणी इथेही येते आणि तो तुकडा कापण्याचा प्रयत्न इथेही करते. मात्र जे काम ॲसिटिलच्या बाबतीत मिलिसेकंदाच्या आत होते, त्याला आता तास लागतात, दिवस लागतात.

किती तास, हे विषाच्या जातीवर अवलंबून असते. कार्बोफ्युरान, कार्बारिल ही कार्बामेट गटातली कीटकनाशके ओपी नव्हेत, पण तीही याच सेरीनला चिकटतात. तिथे पाणी तासाभरात बरेचसे काम करते, त्यामुळे रुग्ण सावरला तर सहसा एका दिवसात सावरतो. ओपीत दोन मोठे गट आहेत. डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस यांच्या फॉस्फरसवर मिथाइलची जोडी असते. यांनी अडवलेल्या विकरांपैकी अर्धी पाण्याच्या जोरावर पाऊण तासात मोकळी होतात. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस यांच्यावर इथाइलची जोडी असते आणि इथे त्याच कामाला तीस तासांहून जास्त वेळ लागतो. सरीन, व्हीएक्ससारख्या विषांच्या बाबतीत तर रुग्ण वाचवायला पाण्यावर विसंबून चालतच नाही.

तोवर फटींमध्ये ॲसिटिलकोलीन साचत जाते. नाका-तोंडातून पाणी, दरदरून घाम, उलट्या, जुलाब सुरू होतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. दंडाचे, मांडीचे स्नायू आपोआप फडफडतात आणि मग लुळे पडतात. माणूस दगावतो तो श्वासामुळे. फुप्फुसे स्रावाने भरतात आणि छातीचे स्नायू थकतात.

ॲट्रोपिन वेळ काढून देते

ग्रामीण रुग्णालयात रात्री असा रुग्ण येतो तेव्हा डॉक्टर आधी टॉर्चने बाहुल्या बघतात, स्टेथोस्कोप छातीवर ठेवून घुरघूर ऐकतात, नाडी मोजतात. सिस्टर कपडे कापून काढतात आणि अंग साबणाने धुतात. शिरेतून ॲट्रोपिन जाते. पाच मिनिटांनी पुन्हा छाती ऐकली जाते. सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट, पुन्हा पाच मिनिटे, पुन्हा दुप्पट. छाती मोकळी झाली, नाडी ऐंशीच्या वर गेली, काखेत हात घातल्यावर घाम लागेनासा झाला, की मात्रा पुरेशी झाली असे समजतात. जास्त झाली तर रुग्ण बडबडतो, पांघरूण ओढतो, अंग तापते, आणि मग ती कमी करावी लागते. यात यंत्र लागत नाही. लागतो तो उशाशी बसून राहणारा माणूस.

ॲट्रोपिन हजारो रुग्णांचा जीव वाचवते, पण विकराला ते हातही लावत नाही. ॲसिटिलकोलीन ज्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरांवर, जाऊन बसते त्यांतले काही ग्राहक ॲट्रोपिन झाकून टाकते, म्हणून स्राव थांबतात आणि हृदय सावरते. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरचे ग्राहक वेगळ्या जातीचे असतात. तिथे त्याचे काही चालत नाही. विष घेतल्यानंतर एक ते चार दिवसांत, माणूस शुद्धीवर असताना मान उचलता येईनाशी होते आणि श्वास खालावतो. हा प्रकार १९८७मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेड्डे या डॉक्टरांनी नोंदवला. त्या वेळी व्हेंटिलेटरच कामाला येतो. विकर मोकळे करायचे तर दुसरे काही हवे.

काट्याने काटा

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन यांनी सरळ प्रश्न विचारला. पाणी हे काम इतके हळू करत असेल, तर पाण्यापेक्षा फॉस्फरसवर जास्त जोराने तुटून पडणारे काही देता येईल का? १९५१मध्ये त्यांनी दाखवले की हायड्रॉक्सिलअमाइन या साध्या रसायनाने अडकलेले विकर पुन्हा चालू होते. पण माणसाला देण्याइतके ते सौम्य नव्हते.

पुढचा विचार घळीच्या आकारावरून आला. ॲसिटिलकोलीनच्या एका टोकाला धनभार असतो आणि विकरात तो भार धरणारी ठरावीक जागा असते. त्या जागी बसेल असा धनभारित नायट्रोजन एका टोकाला ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाचा, फॉस्फरसवर तुटून पडणारा ऑक्सीम गट थेट त्याच्यापर्यंत पोचेल इतक्या लांबीवर ठेवायचा. १९५५मध्ये विल्सन आणि सारा गिन्सबर्ग यांनी असा रेणू तयार केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही वेगळ्या गटाने तोच रेणू बनवला. त्याचे नाव प्रॅलिडॉक्झिम. आपल्याकडे वॉर्डात त्याला ‘पाम’ म्हणतात. तो फॉस्फरसला पकडतो, सेरीनपासून सोडवतो आणि स्वतःबरोबर घेऊन बाहेर पडतो. पायात रुतलेला काटा काट्याने काढावा, तसा हा प्रकार.

काटा मात्र अखंड असेपर्यंतच निघतो. सेरीनला चिकटलेला विषाचा रेणू तसाच राहत नाही. काही वेळाने त्याच्यावरचा मिथाइल किंवा इथाइल गट गळून पडतो आणि मागे उरलेल्या ऑक्सिजनवर ऋणभार येतो. आजूबाजूची अमिनो आम्ले त्या भाराला घट्ट धरतात. ऑक्सीमवरही कामाच्या वेळी ऋणभारच असतो, त्यामुळे ते जवळ येण्याआधीच मागे ढकलले जाते. काटा मोडून आत राहिला. याला शास्त्रज्ञ विकराचे ‘एजिंग’ म्हणतात. यानंतर ते विकर पाणीही सोडवू शकत नाही आणि पामही नाही.

हे मोडणे किती वेळात होते, हे मज्जाविषांच्या बाबतीत सर्वांत भेदक दिसते. सोमनने अडवलेली अर्धी विकरे सुमारे दोन मिनिटांत कायमची जातात. सरीनला त्यासाठी काही तास लागतात. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडले गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना पाम वापरून उपयोग झाला तो या काही तासांमुळेच. व्हीएक्सच्या बाबतीत ही मुदत दिवसावर जाते.

शेतातल्या औषधांत मिथाइल गटाची अर्धी विकरे साडेतीन-चार तासांत मोडतात, इथाइल गटाची तीस-बत्तीस तासांत. मिथाइल गटात पाऊण तासात अर्धी मोकळी होत असताना काळजी कशाची, असे वाटेल. पण रक्तात विष फिरतच असते. मोकळे झालेले विकर पुन्हा पकडले जाते आणि प्रत्येक फेरीत थोडी विकरे कायमची निकामी होतात. म्हणून मिथाइल गटातल्या विषाचा रुग्ण बारा तासांनी पोचला तर पामला सोडवण्यासारखे फारसे उरलेले नसते. इथाइल गटात ही मुदत चार-पाच दिवसांपर्यंत असू शकते. प्रोफेनोफॉसची रचना या दोन्हींपेक्षा वेगळी आहे आणि त्यावर पामचा प्रभाव कमीच पडतो. पामला आणखी एक मर्यादा आहे. त्याच्यावर कायमचा धनभार असल्यामुळे ते मेंदूत जेमतेम शिरते.

बारामतीचा निकाल आणि श्रीलंकेचा

पाम किती आणि कसे द्यायचे, यावर जगभर उद्धृत होणारा एक अभ्यास आपल्याकडे झाला. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. कीर्ती पवार, डॉ. रमेश भोईटे आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर तो केला आणि २००६मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. सर्वांना सुरुवातीला २ ग्रॅम पाम अर्ध्या तासात दिले. नंतर १०० जणांना दर तासाला १ ग्रॅम, सलग ४८ तास. उरलेल्या १०० जणांना दर चार तासांनी १ ग्रॅम. सलग पाम मिळालेल्या गटात १ रुग्ण दगावला, दुसऱ्या गटात ८. श्वासनलिकेत नळी घालावी लागली ती अनुक्रमे ६४ आणि ८८ जणांना. पहिल्या २४ तासांत लागलेल्या ॲट्रोपिनची मध्यक मात्रा सलग पाम मिळालेल्या गटात ६ मिलिग्रॅम होती, दुसऱ्यात ३०.

यामागचे कारण रसायनातच आहे. पाम लघवीवाटे झपाट्याने बाहेर जाते आणि तास-दीड तासात रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. बरीच ओपी मात्र चरबीत मुरतात आणि दिवसेंदिवस रक्तात झिरपत राहतात. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस यांसारखी औषधे तर यकृताने बदलल्यावरच खऱ्या अर्थाने विषारी होतात. चार तासांनी एकदा दिलेले पाम मधल्या वेळात विकर उघडे टाकते. सलग धार ते टाकत नाही.

पण २००९मध्ये श्रीलंकेतून वेगळा निकाल आला. मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांनी २३५ रुग्णांपैकी निम्म्यांना पाम आणि निम्म्यांना साधे सलाईन दिले. पाम मिळालेल्या १२१ जणांपैकी ३० दगावले, सलाईनवरच्या ११४ जणांपैकी १८. इथाइल गटाच्या विषात तांबड्या पेशींतले विकर पामने मोकळे केल्याचे रक्तात दिसले, पण माणसे वाचण्याचे प्रमाण वाढले नाही. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या आधीच्या चाचण्यांतही पामचा फायदा दिसला नव्हता.

दोन्ही निकाल खरे मानावे लागतात. बारामतीत रुग्ण लवकर पोचत होते, अतिदक्षता विभाग हाताशी होता आणि मात्रा मोठी होती. श्रीलंकेत विषाची जात, पोटात गेलेले प्रमाण, बाटलीतली द्रावके आणि पोचायला लागलेला वेळ, सगळेच वेगळे होते. विकर सोडवणे म्हणजे रुग्ण वाचवणे, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. पाम हा ॲट्रोपिन आणि व्हेंटिलेटर यांचा जोडीदार आहे, त्यांची जागा घेणारा नव्हे.

मुळात न अडकणारी विकरे

अडकलेले सोडवण्यापेक्षा अडकूच न देणे बरे, हा विचार सैन्याने केला. पिरिडोस्टिग्मीन हे औषध विकराला कार्बामेटसारखे, म्हणजे तात्पुरते, धरते. दर आठ तासांनी ३० मिलिग्रॅमची गोळी घेतली की २० ते ४० टक्के विकर त्याच्या ताब्यात राहते. सोमन आले तरी तेवढे विकर त्याला सापडत नाही आणि थोड्या वेळाने पिरिडोस्टिग्मीन ते मोकळे करते. १९९१च्या आखाती युद्धात सैनिकांना या गोळ्या दिल्या होत्या. मज्जाविषाची धास्ती असलेल्या सैनिकांसाठीचा हा उपाय आहे, फवारणीआधी घ्यायची गोळी नव्हे.

निसर्गाने याहून पुढची मजल मारली आहे. क्युलेक्स आणि ॲनाफिलीस डासांच्या काही वंशांत विकराच्या ११९व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले आणि ओपीला आत बसणे अवघड झाले. बदलाची किंमतही आहे. असे विकर नेहमीचे कामही सावकाश करते. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर पडणाऱ्या माशीत वेगळेच घडले. तिच्या दुसऱ्या एका विकरात १३७व्या जागी बदल झाला आणि ते पाण्याला अशा कोनात उभे करू लागले की चिकटलेले विष तिथल्या तिथे कापले जाते. हे १९९७मध्ये उलगडले. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तातल्या ब्युटिरिलकोलीनएस्टरेज या विकरात ११७व्या जागी बदल करून त्यालाही विष तोडायला लावले, पण त्याचा वेग अजून औषध म्हणून पुरेसा नाही. मातीतले जीवाणू या खेळात सर्वांत तरबेज. फिलिपीन्समधल्या भातखाचरातून ओपी तोडणारा असा एक जीवाणू वेगळा केला तो भारतीय शास्त्रज्ञ एन. सेतुनाथन आणि त्यांचे जपानी सहकारी योशिदा यांनी, १९७३मध्ये.

माकणीच्या शिवाराशी याचा संबंध घाटेअळीतून येतो. कापसावर तिलाच हिरवी बोंडअळी म्हणतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी या अळीची कीटकनाशकांविरुद्धची प्रतिकारक्षमता मोजली, तेव्हा ती ओपीसह अनेक गटांविरुद्ध वाढलेली आढळली. शेतकऱ्याच्या भाषेत, औषध लागत नाही. मग झाकणाचे माप वाढते, दोन औषधे एका पंपात जातात. अळीची विकरे पिढ्यांगणिक बदलतात. फवारणाऱ्याची विकरे होती तशीच राहतात. वाढवलेली मात्रा अळी पचवते आणि माणूस भोगतो.

निकामी झालेल्या विकराच्या जागी शरीर नवे बनवते, पण सावकाश. तांबड्या पेशींतले विकर त्या पेशींबरोबरच बदलते आणि पेशीचे आयुष्य १२० दिवसांचे, म्हणजे भरपाई रोज जेमतेम एक टक्का. रक्तद्रवातले यकृताने बनवलेले विकर लवकर भरून येते. प्रयोगशाळेत ‘सिरम कोलीनएस्टरेज’ म्हणून मोजतात ते हेच. त्यामुळे तो आकडा वर आला म्हणजे मज्जातंतूंची भरपाई झाली, असे धरून चालत नाही. आज गरगरलेला माणूस उद्या पुन्हा पंप पाठीवर घेतो, तेव्हा तो कमी शिलकीवर सुरुवात करतो. त्याला काही आठवडे फवारणीपासून दूर ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

केंद्र सरकारने २०१८च्या आदेशाने फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसारखी ओपी बाजारातून काढली, ते योग्यच झाले. जी उरली आहेत त्यांच्या बाबतीत काही गोष्टी घरच्यांच्या हातात आहेत. अंगावरचे कपडे लगेच काढा आणि साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याच्या हातात मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी असू द्या. मीठपाणी पाजून उलटी करवू नका, ती फुप्फुसात जाऊ शकते. रुग्णाला कुशीवर निजवा आणि १०८ला फोन करा. औषध कोणी जाणूनबुजून घेतले असेल तर दवाखान्यात तसे स्पष्ट सांगा, दोष देत बसू नका. मन खचलेल्या माणसासाठी १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक आहे. आणि निघताना बाटली बरोबर घ्या, नाहीतर लेबलचा फोटो तरी काढा. विष मिथाइल गटातले की इथाइल, पामसाठी बारा तास हाताशी आहेत की चार दिवस, याचे उत्तर त्या लेबलवरच्या एका नावात असते.